लाल नाव

चीनमधल्या शियामेनच्या सिओक मामींपुढे भाच्याने फोन धरला. पोटासाठी मलेशियात पेनांगला गेलेले मामा तिकडेच वारले होते. त्यांच्या थडग्याच्या फोटोत शियामेनचं नाव जुन्या स्पेलिंगनेच कोरलेलं होतं, ‘अमॉय’.

“मामांनीच बजावून ठेवलं होतं, नवं स्पेलिंग नको म्हणून.”

“बघ! आणि शेजारणी मेल्या म्हणायच्या, तुझा नवरा तुला विसरला. जुनं विसरणारा माणूसच नव्हे तो!” मामींचा ऊर भरून आला. “माझं नाव कोरलंय ना शेजारी? जिवंत बायकोचं नाव लाल रंगवतात, ती गेली की सोनेरी करतात.”

“कोरलंय, पण मामी...”

मामींनी फोन हिसकावून घेतला.



नाव त्यांचंच होतं, पण सोनेरी. लाल रंगात पलीकडे दुसऱ्याच बाईचं नाव होतं.