जुन्या गाडवाटेवरची घोडी

साल अठराशे एकोणसत्तर. फाल्गुन लागला होता आणि अमरावतीहून बडनेऱ्याच्या स्टेशनकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग दिवसभर तुटत नव्हती. अशाच एका सकाळी दलाल महादेवराव वाटेवरच्या माळ्यांच्या वाडीत तट्टावरून उतरले आणि म्हणाले, "माझी घोडी कुठं आहे?"

घोडी म्हणजे लाकडाची दोनचाकी. चाकांना लोखंडी पट्टी, पुढच्या चाकाला पाय मारायच्या खुंट्या. कापसाच्या तेजीत मिळवलेला पैसा खुळखुळत होता, तेव्हा दिवाळीला त्यांनी ती हौसेनं मुंबईहून आणली होती. वाडीपाशीच ते तिच्यावरून आपटले, साऱ्या माळणी हसल्या, आणि ते तिला पुंजारामच्या विहिरीजवळ टाकून लंगडत निघून गेले. आता अकोल्याच्या एका साहेबाला ती हवी होती.

"आहे जी घोडी," नत्थुजी म्हणाले. वाडीतले ते सगळ्यांत म्हातारे. "पण तिच्यावर आता पुंजाराम बसते. रोज संध्याकायी."

पुंजाराम तिशीचा. तोंडावर देवीचे वण, डोक्याचा दुपट्टा भुवयांच्याही खाली ओढलेला. दिवसभर तो मोट हाकायचा, बैलांसोबत त्याच उतारावर खाली आणि वर. बाजाराच्या दिवशी त्याची बायको रुख्मिणी वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन पुढं चाले आणि हा टोपलीच्या काठाला हात लावून मागं. वाडीला त्याचं काही वाटत नसे. परके हसत.

संध्याकाळ मात्र त्याची होती. नवी सडक झाल्यापासून शेजारची जुनी गाडवाट ओस पडली होती. काळ्या मातीत वीतभर खोल चाकोरी, उन्हानं दगडासारखी वाळलेली. पुंजाराम त्या चाकोरीत चाक घाली आणि नाल्यापर्यंत जाऊन येई. मान ताठ, तोंडावर वारा, ओठांवर हसू. वाटेत कोण उभं आहे, कोण नाही, याची फिकीर नसे.

महादेवराव विहिरीवर गेले.

"काय रे, बाजारात बायकोच्या मागं-मागं फिरणारा तूच ना? माझ्या घोडीवर बसतोस?"

"बसतो जी."

"मान वर करून बोल."

पुंजारामनं मान वर केली नाही. "मालक, घोडी नका नेऊ. दिवसभर माह्यासंग कोणी ना कोणी असते. तिच्यावर बसलो का मी एकटा असतो. तेवढंच मागतो."

रुख्मिणी वांगी निवडत होती. तिचा हात थांबला.

"बायकोपासून सुटका पाहिजे म्हण की!" महादेवराव हसले.

"तसंच समजा ना जी," रुख्मिणी म्हणाली. "मले बी तेवढाच आराम."

महादेवरावांना गंमत सुचली. "मग लाव शर्यत. उद्या सकाळी, इथून बडनेऱ्याच्या पाणपोईपर्यंत. मी तट्टावर, तू घोडीवर. आधी पोचलास तर घोडी तुझी. नाही तर ती माझी, आणि वर तुझा हा पांढरा बैलही माझा."

नत्थुजी पुढं सरकले. "मालक, पण त्याले..."

"नत्थुकाका, तुमी चूप रहा जी," पुंजाराम म्हणाला. "ठरलं, मालक. तुमी सडकेनं जा. मी आपल्या जुन्या वाटेनं."

चांगली सडक आपल्या वाट्याला आली म्हणून महादेवराव खूश झाले.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणी नत्थुजींना घेऊन पहाटेच टोपलीसकट बडनेऱ्याला गेली. ऊन वर आलं तशी शर्यत सुटली. तट्टू सडकेवर उधळलं. पुंजारामनं टाचेनं चाकोरी चाचपली, चाक तिच्यात बसवलं आणि पाय मारले.

नाल्यापुढं तो घोडीवरून कधी गेला नव्हता. नाल्याच्या उतारावर घोडी खडखडली, पुंजाराम उडाला, पण चाक चाकोरीतून निघालं नाही.

मग वारा सुटला. शेकडो गाड्यांचा फुफाटा सडकेवरून उठला आणि जुन्या वाटेवरही पसरला. गाडीवानांना आपल्याच बैलांची शिंगं दिसेनात. महादेवरावांचे डोळे चुरचुरले, पाण्यानं भरले. ते एका गाडीच्या मागं लागले. गाडी निघाली परतीची, रिकामी. धूळ निवली तेव्हा त्यांच्यासमोर माळ्यांची वाडी होती.

जुनी वाट पाणपोईपाशी संपते. तिथं रुख्मिणी ओरडत होती, "वांगी घ्या वांगी! कवळी वांगी!" तिचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच मोठा होता. फुफाट्यातून घोडी आली आणि तिच्या टोपलीजवळ येऊन थांबली. नत्थुजींनी डोक्यावरचं पागोटं काढून हवेत फेकलं. गाडीवानांनी आरोळ्या ठोकल्या. ज्याला त्याला पुंजारामच्या पाठीवर हात ठेवायचा होता.

महादेवराव आले ते लाल झालेले डोळे चोळत. पाणपोईवर त्यांनी ओंजळी भरभरून डोळ्यांवर पाणी मारलं. "तुझे डोळे नाही रे भरले धुळीनं?"

"मले धुळीचं काय जी, मालक," पुंजाराम म्हणाला.

महादेवरावांनी शब्द पाळला. घोडी वाडीतच राहिली.

नत्थुजी पुढच्या पावसाळ्यात गेले. ती शर्यत सांगता सांगताच गेले म्हणतात. जुनी वाट कुणीतरी नांगरून शेतात घेतली, पण तोवर पुंजारामनं पुष्कळ वर्षं तिच्यावरून हवा खाल्ली. वाट गेल्यावर घोडीचं चाक त्याच्याच विहिरीवर राहाटाला लागलं. रुख्मिणीची वांगी बडनेऱ्यात आगगाडीतले लोकही घेऊ लागले.

महादेवराव अकोल्याला गेले. रुईच्या धंद्यात त्यांचं बरं चाललं. म्हातारपणी एकदा मुद्दाम वाडीत आले, विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर बसले आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं.

"पुंजाराम, आता तरी सांग. एवढ्या धुळीत तुला वाट दिसली कशी?"

पुंजाराम नुसता हसला. रुख्मिणीनं त्याचा हात धरून त्याला पाहुण्याजवळ बसवलं, पाण्याचा गडू त्याच्या हातात नीट दिला आणि म्हणाली, "यायले कुठली दिसते जी वाट? लहानपणी देवी निघाल्या, तवाच दोन्ही डोळे गेले."