पाकिटातलं डबकं

प्रयोगशाळेचं कपाट आवरताना शिपाई दळवीमामांनी एक जुनं पाकीट कचऱ्यात टाकलं. आत चिमूटभर सुकी माती होती. त्यांच्याच गावच्या कातळावरच्या डबक्यातली, बावीस वर्षांपूर्वी आणलेली. शाल्मली मॅडमनी ते झटकन उचललं, समोर दिसला तो मामांचा चहाचा ग्लास विसळला आणि माती पाण्यात सोडली.

पाचव्या दिवशी मॅडमनी मामांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. मोहरीहून लहान, काचेसारख्या पारदर्शक पाणपिसवेच्या, पाण्यातल्या त्या इवल्या जिवाच्या, अंगात काळीज धडधडत होतं.

"ही मातीत होती? एवढी वर्षं?"

"अंड्यात झोपून होती, मामा. पाण्याची वाट बघत."

मामा भिंगावरचा डोळाच काढेनात. शेवटी म्हणाले, "पण आमचं डबकं चिरेखाणीत गेलं हो."

जगात ही जात फक्त त्या डबक्यात सापडली होती. मॅडमनी नोंदवही उघडली, डबकं गेल्यावर तिच्या नावापुढे मारलेला 'नामशेष' शेरा खोडला आणि 'आढळ' या रकान्यात ठळक अक्षरांनी लिहिलं: दळवीमामांचा ग्लास.