डोळ्यांतले थेंब

उमाकांतरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तमिळ मुलखात, मैलापूरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये डोळ्यात औषध घालायला शेजारची विद्यालक्ष्मी सकाळ-संध्याकाळ येऊ लागली. "मामा, वर बघा. हां, पोदुम, झालं!" असं तिच्या तंजावरी मराठीत म्हणत ती थेंब घाली आणि ते डोळा मिटून पडले की उशाशी बसून घरादाराच्या गोष्टी सांगे. बायको गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच मराठी ऐकू येत होती.

दीड महिन्यानं औषध बंद झालं, नवा चष्मा आला. "आता लख्ख दिसतंय ना, मामा? माझी ड्यूटी संपली," म्हणत ती हसत गेली. त्यानंतर दाराची बेल वाजली ती एकदाच, तीही कुरियरवाल्यानं चुकून दाबली होती.

शेवटी उमाकांतराव पुन्हा डॉक्टरांकडे गेले. "दुसऱ्या डोळ्यालाही हल्ली धूसर दिसतं," म्हणाले.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. "काळजी सोडा, सर. हा डोळा अगदी ठणठणीत आहे. बरीच वर्षं याला काही करावं लागणार नाही."

उमाकांतराव खुर्चीवरून उठलेच नाहीत.

"पुन्हा एकदा नीट बघा ना, डॉक्टर."