पडद्याबाहेरचं बाकडं

“लहानपणी हाक मारून पेपरमिंट द्यायचा मला तो माणूस! आणि त्याला तुरुंगात घालायला निघालीत ही दोघं!”

अप्पांनी कपबशी ओट्यावर आपटली. विराजचं डोकं सकाळपासून तापलेलंच होतं.

“पेपरमिंट दिलं म्हणजे देव झाला काय, अप्पा? तपासायच्या नावाखाली काय केलं त्यानं, सौम्यानं सांगितलं ना?”

“इतकी वर्षं चिकपेटेत दवाखाना आहे त्याचा. आपल्या मराठी लोकांत डॉक्टर म्हटलं की पद्मनाभच. एक बाई बोलली नाही कधी. त्याचा वकील आज हेच विचारणार. काय सांगशील गं?” अप्पांनी खुंटीवरच्या दुकानाच्या किल्ल्या ओढल्या. “मी नाही येणार कोर्टात. गिऱ्हाईक यायची वेळ झाली. मला निघायला हवं.”

सौम्या चप्पल घालून दारात उभी होती. आज तिची उलटतपासणी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. विराजनं ओळखलं, अजून स्वल्प ताणलं तर ही चप्पल काढून आत येईल. मग संपलंच. डॉक्टर उद्या परत खुर्चीत.

अक्का खाली बसून अवरेकाळूच्या शेंगा सोलत होती. अप्पांची ही मोठी बहीण. पोरांची आई गेल्यावर दोघांना हिनंच वाढवलं.

“जाऊ दे बाळ,” ती मान वर न करता म्हणाली. “नीट आठवत नाही म्हणून सांग. सरी, बरं का?”

“अक्का, तू पण?” विराज तिच्यावरच धावून गेला. आणि मधेच थांबला. डोक्यात काहीतरी चमकलं त्याच्या.

“एक सांग. मला ताप आला की तू दवाखान्यात बाहेर बाकड्यावर बसायचीस. वाती वळत. सौम्याला साधा खोकला झाला तरी पडद्याच्या आत. तिचा हात धरून. तुझा गुडघा सुजला, ती एकटी गेली, आणि त्याच दिवशी हे झालं. तू आत का जायचीस?”

शेंगा सोलणारा हात थांबला.

“अरे, रीत आहे घरातली,” अप्पा खेकसले. “पोरीबरोबर बाईमाणसानं आत जायचं.”

“कुणी घातली रीत?”

“मी,” अक्का म्हणाली.

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. कुणी हललं नाही.

“माझ्या वेळी नव्हती. सतरा वर्षांची होते. तो नवाच आला होता डॉक्टर होऊन, सगळे कौतुक करायचे. पोटात दुखतं म्हणून आई पाठवायची.” आता तिनं भावाकडे बघितलं. “सोबतीला तू होतास, संता. आठ वर्षांचा. बाहेर बाकड्यावर. तो आधी तुला पेपरमिंट द्यायचा. मग पडदा ओढायचा.”



अक्का गुडघ्यावर हात रेटून उठली. पदरातली सालं जमिनीवर सांडली, तिनं बघितलंसुद्धा नाही. “थांब सौम्या. तुझ्या सरकारी वकिलाला भेटव मला.”

अप्पांनी हातातल्या किल्ल्या परत खुंटीला अडकवल्या. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बसल्या.

“सरका,” ते म्हणाले. “मला निघायला हवं आता. ती रिक्षा निघून जाईल.”