फ्लेक्सवरचा हात

“हात कापला असता तर तुझा खांदा गेला असता की रं,” चौकातल्या माझ्या अभिनंदनाच्या फ्लेक्सकडं बघत नगरसेवक काका म्हणाले.

परदेशात समलिंगी खेळाडूंच्या रग्बी स्पर्धेत आम्ही कप जिंकला, त्याचा हा फोटो. फ्लेक्सवर ‘समलिंगी’ शब्द तेवढा गाळलेला. मूळ फोटोत माझ्या खांद्यावर हात टाकून माझा जोडीदार उभा होता. त्याच्या जागी आता काका चिकटलेले. हात मात्र त्याचाच.

“काका, ह्याच खांद्याला धरून तुम्ही मला घराबाहेर काढलं होतं.”

“जुनं कशाला उकरतोस? संध्याकाळी सत्काराला ये. एकटाच ये.”

मी शिडी लावली आणि ब्लेडनं तो हात कापून घेतला. सोबत माझा खांदाही निघाला. काका वर थोटेच हसत राहिले.