चौतीस गुलाब

"चौतीस मुलांचं आवडतं फूल गुलाबच कसं असेल, सर?"

चौथीच्या बाईंनी आवाज शक्य तेवढा खाली ठेवला होता. मुलं ऐकत होती. मुख्याध्यापकांनी टेबलावर तक्ता पसरला होता. वर ठळक अक्षरांत छापलेलं : मुक्त वाचन-लेखन उपक्रम. खाली चौतीस ओळी, सगळ्या त्यांच्याच वळणदार अक्षरात भरलेल्या.

रकाना २. विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला विषय : माझे आवडते फूल, गुलाब.

रकाना २. माझे आवडते फूल, गुलाब.

रकाना २. तेच. अगदी खालपर्यंत तेच.

"याची प्रत महिन्यापूर्वीच वर गेलीय," मुख्याध्यापक म्हणाले.

"महिन्यापूर्वी? उपक्रम सुरू होऊन दोन आठवडे झालेत."

"म्हणून तर मुलांनी काय निवडलं ते मला भरावं लागलं. तारीख वरच्यांची होती, माझी नाही. उद्या साहेब येतील, तक्ता आणि वह्या ताडून बघतील. तेव्हा आज वह्या तक्त्याशी जुळवायच्या. गुलाब लाल लिहा, पांढरा लिहा, तिथे मोकळीक आहे."

वह्या जुळण्यासारख्या नव्हत्या. जाड भिंगवाल्या मुलाने घरच्या बहिऱ्या मांजरीची मुलाखत घेतली होती. प्रश्न दहा, उत्तर एकही नाही. जुळ्या भावांपैकी एकाने भांडणाची गोष्ट लिहिली होती. दुसऱ्याने तीच लिहिली होती, फक्त तिच्यात तो जिंकला होता. एकीने वाचनपेटीतलं पुस्तक अर्ध्यावर सोडून दिलं होतं आणि का सोडलं ते अडीच पानं लिहिलं होतं. गुलाब एकाही वहीत नव्हता.

आणि घुमी. हे नाव वर्गाने ठेवलेलं. चार वर्षं ती फळ्यावरचं उतरवून घेत आली होती, तेवढंच. फळ्यावर नसलेलं तिने पहिल्यांदा लिहिलं ते गेल्या शुक्रवारी.

मुख्याध्यापकांनी गठ्ठ्यातून नेमकी तिचीच वही ओढली.

*अर्ज*

*मा. मुख्याध्यापक सर,*

*मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एकीने बाहेरून दार धरायचं मग दुसरी जाते. माझं दार धरणारी मुलगी शाळा सोडून गेली. म्हणून मी शाळा सुटेपर्यंत पाणी पीत नाही. कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चार स्क्रू लागतील. ते छोटे घ्यावेत, दार पातळ आहे.*

रकाना ६. उपक्रमात आलेल्या अडचणी : निरंक.

"हे कुठून निघालं?"

"तिच्या डोक्यातून."

"तुम्ही सांगितलंत लिहायला."

"मी विचारलं, तुला काय लिहायचंय. बस."

"बोट दिलं की ही पोरं हात धरतात, बाई. उद्या डोक्यावर मिरे वाटतील. हे पान फाडा आणि गुलाब घ्या लिहून."

शिक्षकांच्या संडासाला कडी होती. पितळी, चांगली जाडजूड. दोन वर्षं बाई ती रोज लावत होत्या. मुलींच्या दाराला काय आहे, हे दोन वर्षांत त्यांनी एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. त्यांची कानशिलं तापली. हा राग समोरच्या माणसावर किती आणि स्वतःवर किती, हे निवडायला वेळ नव्हता.

"मी फाडणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज आता खाली राहिला नाही.

"मग राहू द्या, मीच फाडतो. हाय काय नि नाय काय."

"वही तिची आहे, सर."

"अरे वा." मुख्याध्यापक हसले. वर्गाकडे वळले. "मग तिलाच विचारू की. निवड द्यायची ना मुलांना? ये गं पुढे. हे पान ठेवतेस का काढतेस? तुझ्या मनाने सांग. साहेब रागावतील ते मात्र तुझ्या बाईंनाच हं."

घुमी उठली. बाकांमधून वाट काढत टेबलाशी आली. तिने बाईंकडे एकदा पाहिलं. वही मधोमध उघडली, नखाने पिना सरळ केल्या आणि कुठेही न फाटू देता जोडपान अलगद सोडवून घेतलं. अर्ज तिच्या हातात आला.

"बघा," मुख्याध्यापक म्हणाले. "पोरांना कळतं. तुम्हालाच कळत नाही."

बाईंना क्षणभर घुमीचाच राग आला. गप्प बसायचं होतं तर लिहिलंस कशाला, असं तोंडावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

घुमीने पान पुढे केलं. "घ्या."

"मला कशाला? टोपलीत टाक."

"तुम्हालाच लिहिलाय. वहीत होता म्हणून द्यायचा राहिला."

मागच्या बाकावर कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच थांबलं.

"बरं बरं. दे, ठेवतो." मुख्याध्यापकांनी कागदाला हात घातला. कागद येईना. घुमीने सोडला नव्हता.

"मिळाला म्हणून सही करा," ती म्हणाली. "तारीखपण."

मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. "हे पण तुम्हीच शिकवलंत?"

"आईने," घुमी म्हणाली. "ती म्हणते, सही घेतल्याशिवाय साहेबाच्या हातात कागद सोडायचा नाही. मग तो कागद नव्हताच असं म्हणतात."

मुख्याध्यापकांनी कागद जरासा ओढून पाहिला.

घुमीने दुसराही हात लावला.