जरीचा क्रूस

"ॲसिड किती घ्यायचं, पप्पा?" टिफनीने विचारलं.

"थांब जरा. हिशेब होऊ दे," ॲन्सेल्म म्हणाला.

शाळेची प्रयोगशाळा सांभाळण्यात त्याचा जन्म गेला होता. चांदी विरघळवायला किती ॲसिड लागतं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. आज मात्र एकच गुणाकार त्याने तिसऱ्यांदा मांडला.

समोर बशीत जुलियानाच्या, त्याच्या बायकोच्या, लग्नाच्या साडीची जर होती. रेशीम जाळल्यावर उरलेला काळपट तारांचा पुंजका. डॉक्टरांनी हात टेकले होते. "मातीत ठेवाल तेव्हा माझ्या हातात त्या जरीच्याच चांदीचा क्रूस द्या," एवढंच तिने मागितलं होतं. बोलताना तिचे हात चादरीवर पडले होते. एकात सोन्याची बांगडी, दुसरा मोकळा. त्या हातातली बांगडी फार वर्षांपूर्वी अर्नाळ्याच्या वाळूत हरवली होती. किनाऱ्यावर गेला की ॲन्सेल्म अजून पायाने वाळू उकरत असे.

आणि जरीत चांदी नव्हतीच.

नवरीची साडी नवऱ्याकडून जायची. त्याची ऐपत नव्हती. त्याने मुलामा दिलेली तांब्याची जर घेतली आणि खरी म्हणून सांगितली. बिचारी जन्मभर ती मिरवत राहिली. बांगडी हरवली त्याच वर्षी काठ उसवला, तेव्हा कुणाच्या हाती न देता स्वतः विरारला जाऊन शिवून आणला. त्या आठवणीने त्याला आजही मेल्याहून मेल्यासारखं होई.

तांबं विरघळलं की ॲसिड निळं होतं, चांदीने नितळ राहतं. टिफनी हे त्याच्याकडूनच शिकली होती.

"आपल्या विहिरीचं पाणी खारट, ते नाही चालणार," तो म्हणाला. "नाक्यावरच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घेऊन ये."

ती गेली. त्याच्या खिशात शाळेत मिळालेलं चांदीचं पदक होतं. निळं ॲसिड लपवायचं आणि क्रूसासाठी पदक वितळवायचं, असं त्याने ठरवलं होतं.

दार-खिडक्या उघडून त्याने तारा चंचुपात्रात टाकल्या आणि वर ॲसिड ओतलं. तपकिरी वाफ उठली. त्याने मान फिरवली.

पुन्हा पाहिलं तेव्हा चंचुपात्रातलं ॲसिड नितळ होतं. त्याने थोडं बाजूला काढून मिठाची चिमूट टाकली. नासलेल्या दुधासारखा पांढरा साका खाली बसला. चांदी. अस्सल चांदी.

"निळं नाही ना झालं?" आतून जुलियानाने विचारलं.

तो चंचुपात्र घेऊन तिच्या दाराशी आला.

"आता तरी," ती म्हणाली, "अर्नाळ्याला माझी बांगडी शोधत फिरू नका."